चाळिशीनंतर अभ्यास कसा करायचा: वजनकाट्यावरच्या एका विद्यार्थ्याकडून

बारावीची परीक्षा मी १९९८ साली दिली. त्यानंतर थेट २०२२ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या बीएला नाव घातलं. मधली बहुतेक वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली आणि अजूनही तिथेच आहे. भरलेली गाडी घ्यायची, वजन टिपायचं, रिकामी झाली की पुन्हा वजन, आणि पावती फाडून द्यायची.

प्रवेश घेतल्यावर पहिले तीन महिने मी रोज तासभर पुस्तक घेऊन बसलो. पिवळ्या पेनाने ओळी रंगवल्या. पानं पिवळीधमक झाली. एकदा मुलीने सहज विचारलं, "पप्पा, आज काय वाचलंत?" मला धड दोन वाक्यं सांगता आली नाहीत. डोकं गंजलं, आता हे आपलं काम नाही, असं मनाशी ठरवून पुस्तकं माळ्यावर टाकायच्या बेतात होतो.

डोकं गंजलं नव्हतं. अभ्यास कसा करतात हे मला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. आमच्या शाळेच्या भिंतीवर 'अभ्यास करा' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, कसा ते कुठल्याच भिंतीवर नव्हतं. ते मी मोबाइलवर, चुकत चुकत शिकलो. तुमचे तीन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

१. आधी कागदपत्रांचं उरकून टाका

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, फोटो, सहीचा फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला. माझ्या वेळी एवढ्यावर भागलं. आता मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाला आधी एबीसी आयडी, म्हणजे शिक्षणाचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर, आणि त्यावरून डीईबी आयडी, म्हणजे दूरशिक्षण घेणाऱ्याचा नंबर, काढावा लागतो. दोन्ही ऑनलाइन आणि फुकट निघतात. त्यासाठी नेट कॅफेवाल्याला पाचशे रुपये मोजू नका.

इथला खड्डा म्हणजे नाव. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. कुणाच्या नावामागे 'राव' चिकटलेलं असतं, तर लग्न झालेल्या बायकांचं सगळंच बदललेलं. फॉर्म भरायच्या आधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडून एक एक अक्षर जुळवून बघा. आधारमधली दुरुस्ती व्हायला दिवस लागतात आणि प्रवेशाची तारीख तुमच्यासाठी थांबत नाही.

मराठी माध्यमच हवं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. मी इग्नूचं हिंदी माध्यम घेतलं, कारण ज्या मित्राने फॉर्म भरायला मदत केली तो तिथलाच. एवढा मोठा निर्णय इतक्या साध्या कारणावर झाला हे आता हसण्यासारखं वाटतं.

हिंदी घेणार असाल तर एक सांगतो. लिपी तीच असल्यामुळे आपण गाफील राहतो. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न आणि 'यंत्रणा' म्हणजे यातना. अशा शब्दांसाठी वहीची शेवटची दोन पानं राखून ठेवा.

२. सामान

फार काही लागत नाही. दोनशे पानी वही, पाठकोरे कागद, दोन-तीन रिकामे मिठाईचे बॉक्स, जुन्या लग्नपत्रिका, निळी आणि लाल पेनं, गजराचं साधं घड्याळ. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. मला संध्याकाळी अक्षरं तरंगायची, मी त्याला 'कंटाळा' म्हणत होतो. निघाली चाळिशी!

मोबाइल हवाच, पण तो अभ्यासाच्या टेबलावर नको. इग्नूची पुस्तकं प्रकरणवार पीडीएफ स्वरूपात 'ई-ज्ञानकोश'वर फुकट मिळतात. हवं ते प्रकरण आधीच उतरवून ठेवा. 'एवढं एक डाउनलोड करतो' म्हणून हातात घेतलेला मोबाइल मी चाळीस मिनिटांनी खाली ठेवलेला आहे, आणि त्यात प्रकरण उतरलेलं नव्हतंच.

३. अभ्यासावरचे व्हिडिओ बघणं म्हणजे अभ्यास नाही

यूट्यूबवर 'अभ्यास कसा करावा' असं टाकलं की रांग लागते. त्यातले बहुतेक दहावीच्या किंवा एमपीएससीच्या मुलांसाठी असतात. पहाटे चारला उठा म्हणतात. पहाटे चारला माझी रात्रपाळी सुटते! तरी मी बघत राहिलो, कारण बघताना काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. दीड-दोन महिन्यांनी हिशोब मांडला तर व्हिडिओ सत्तरच्या वर आणि प्रकरण वाचून झालेलं एक.

मग नियम केला: आठवड्याला एक व्हिडिओ, आणि त्यातली एक गोष्ट त्याच दिवशी करून बघायची. ती जमेपर्यंत दुसरा व्हिडिओ नाही.

एकच मोठा कोर्स सुचवेन, कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचा 'लर्निंग हाऊ टू लर्न'. इंग्रजीत आहे, पण सोपा. मी वेग कमी करून, खाली अक्षरं लावून बघितला. चार आठवड्यांचा कोर्स मला दोन महिने पुरला. शिकवणाऱ्यांपैकी एक बार्बरा ओकली. शाळेत या बाईंचं गणिताशी अजिबात जमलं नाही. सैन्यात गेल्या, तिथे रशियन शिकल्या, बाहेर पडल्यावर सव्विसाव्या वर्षी गणित पहिल्यापासून धरलं आणि पुढे इंजिनिअरिंगच्या प्राध्यापक झाल्या. मला कोर्समधल्या बाकी गोष्टींपेक्षा याच गोष्टीने जास्त धीर दिला.

४. पुस्तक मिटा

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

एक प्रकरण, म्हणजे सहा-सात पानं, वाचा. ओळी रंगवू नका. वाचून झालं की पुस्तक मिटून लांब ठेवा. पाठकोरा कागद घ्या आणि आठवेल ते लिहून काढा. तुटक चालेल, क्रम चुकला तरी चालेल. काहीच आठवेना झालं तरी लगेच पुस्तक उघडू नका. पाच मिनिटं तसंच बसा. ही पाच मिनिटं फार जड जातात, आणि खरं काम तिथेच होतं. मग पुस्तक उघडा आणि जे सुटलं किंवा चुकलं ते लाल पेनाने त्याच कागदावर भरा. दुसऱ्या दिवशी नवीन काही वाचायच्या आधी कोऱ्या कागदावर कालचं पुन्हा.

माझ्या पहिल्या कागदावर निळ्या साडेतीन ओळी होत्या आणि बाकी सगळा लाल. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

हे का चालतं, तेही ऐका. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका गटाने चारही सत्रं वाचन केलं. दुसऱ्या गटाने एक सत्र वाचलं आणि तीन सत्रं कोऱ्या कागदावर आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला सगळं येतंय ही खात्री मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होती. आपल्या पिवळ्या पानांचं नेमकं हेच होतं. वाचताना वाक्य ओळखीचं वाटतं आणि ओळख पटली म्हणजे आलं असं आपण धरून चालतो. रस्त्यात माणूस भेटला की चेहरा ओळखतो, नाव आठवत नाही. परीक्षेत नाव विचारतात.

मला हे वाचून आजी आठवली. संध्याकाळी दिवा लावला की ती आम्हाला परवचा म्हणायला बसवायची. पाढे, पावकी, निमकी, पुस्तक न बघता, रोज. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तिने ना अमेरिका पाहिली होती ना संशोधन. आम्ही त्याला घोकंपट्टी म्हणून हिणवलं आणि त्यातली चांगली गोष्टही टाकून दिली. अर्थ न समजता घोकणं वाईटच. पण न बघता आठवणं ही वेगळी गोष्ट आहे.

आणखी एक गंमत. इग्नूच्या हिंदी पुस्तकांत प्रकरणात मधे मधे 'बोध प्रश्न' असतात, म्हणजे वाचलेलं कळलं का ते तपासायचे प्रश्न, खाली रिकाम्या ओळी सोडलेल्या. मी ते सगळे ओलांडून जात होतो, प्रश्न म्हणजे शेवटी बघायची गोष्ट समजून. नंतर लक्षात आलं की हिंदीत 'अभ्यास' म्हणजे सराव. आपण ज्याला अभ्यास म्हणतो त्याला ते 'पढ़ाई' म्हणतात, म्हणजे वाचणं. मी तीन महिने पढ़ाई करत होतो आणि त्याला अभ्यास म्हणत होतो. आता प्रकरण उघडलं की आधी बोध प्रश्न वाचतो, मग मजकूर.

चॅटजीपीटी वापरत असाल तर त्याला उत्तर विचारू नका, तुम्हाला प्रश्न विचारायला सांगा. उत्तर मात्र पुस्तकातूनच तपासा. घटनेच्या कलमांचे क्रमांक तो इतक्या आत्मविश्वासाने चुकवतो की आपल्यालाच आपली शंका यावी.

५. कार्डांचे बॉक्स

एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सर्वांत जास्त निसटतं ते पहिल्या काही तासांत. नंतर गळती मंदावते. म्हणून उजळणी लवकर सुरू करायची आणि मग अंतर वाढवत न्यायचं. अंतर लक्षात ठेवायला वेगळं डोकं लागू नये म्हणून सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली बॉक्सची पद्धत मांडली. मी ती मिठाईच्या बॉक्सवर बसवली.

जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून पत्त्यांएवढी कार्डं करा. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. उत्तर दोन ओळींचंच, प्रकरणच्या प्रकरण कोंबू नका. पहिल्या बॉक्सची कार्डं रोज बघायची, दुसऱ्याची तीन दिवसांनी, तिसऱ्याची आठवड्याने. बरोबर आलं की कार्ड पुढच्या बॉक्समध्ये, चुकलं की थेट पहिल्यात. तिसऱ्यातलं असलं तरी पहिल्यात. इथे दयामाया नको. मी सुरुवातीला 'तसं येत होतं मला' म्हणून कार्डं पुढे ढकलली आणि परीक्षेत नेमकी तीच आली.

मोबाइलवर हेच करायचं तर 'अंकी' हे अॅप आहे, अँड्रॉइडवर फुकट. मुलगी तेच वापरते. माझं मात्र कागदावरच जमतं. कार्ड खिशात राहतं आणि त्याच्यावर कुणाचा मेसेज येत नाही.

६. वेळापत्रक घड्याळाला बांधू नका

आमच्या पाळ्या पहाटे चार ते बारा, बारा ते आठ आणि रात्री आठ ते पहाटे चार, अशा फिरत्या. 'रोज सात ते आठ अभ्यास' असं मी भिंतीवर लावलं होतं, ते दुसऱ्याच आठवड्यात खोटं पडलं. नोकरी, पोरंबाळं, म्हातारी माणसं, दुकान, शेती, तुमचंही काहीतरी असणारच. म्हणून अभ्यास वेळेला न बांधता रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधा. माझा नियम: पाळी सुटून चहा झाला की पंचवीस मिनिटं. पाळी कुठलीही असो, चहा चुकत नाही.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही 'पोमोडोरो' पद्धत. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराच्या, स्वयंपाकघरातल्या घड्याळावर बसवलेली. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात, म्हणून हे नाव. पण पहिल्या महिन्यात मला पंचवीस मिनिटंही बसवेना. बारा मिनिटांवर सुरुवात केली. लाज वाटून घेऊ नका, बारा तर बारा.

घरच्यांना एकदा नीट सांगून ठेवा. आमच्याकडे पहिले काही दिवस "अहो, बसलाच आहात तर लसूण सोलता का?" असं चालायचं. बसलेला माणूस रिकामाच असतो असा सगळ्या घरांचा समज असतो.

७. दुसऱ्याला सांगून बघा

हंगामात रात्री काट्यावर कधी गाड्यांची रांग लागते, कधी अर्धा-अर्धा तास काहीच नाही. तेव्हा मी कार्डं काढतो. एका रात्री बीडकडचा एक ट्रॅक्टरवाला पावतीसाठी खिडकीशी थांबला होता. "साहेब, पत्ते एकटेच खेळता व्हय?" म्हणाला. मी म्हटलं, परीक्षा आहे. कसली, काय, असं करत त्याने कार्ड हातात घेतलं. वर लिहिलं होतं, 'समवर्ती सूची म्हणजे काय?'

मी पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवलं. तो नुसता बघत राहिला. मग मी माझ्या भाषेत सुरू केलं. काही कामं दिल्लीची, ती संघसूची. काही राज्याची, ती राज्यसूची. आणि काहींवर दोघांनाही कायदा करता येतो. मूळ घटनेत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ विषय होते. शिक्षण आधी राज्याकडे होतं, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ते दोघांत आलं. "आणि दोघांचं भांडण लागलं तर?" त्याने विचारलं. मी अडखळलो. हे मी तीनदा वाचलेलं होतं.

तोच म्हणाला, "आमच्यात ऊसतोडीच्या टोळीचं मुकादम बघतो, गाळपाचं कारखाना बघतो. गाडी कधी लावायची ते दोघं मिळून. पण वाजलं तर कारखान्याचंच चालतं. आगाऊ उचल त्याची ना."

पाळी सुटल्यावर कलम २५४ उघडून बघितलं. समवर्ती विषयावर दोन्ही कायदे एकमेकांविरुद्ध गेले तर केंद्राचा कायदा चालतो. राष्ट्रपतींच्या संमतीचा एक अपवाद आहे, तो वेगळा. पण गाभा तोच. मी ते उत्तर नंतर कधी विसरलो नाही.

तर, कुणालातरी सांगा. मुलाला, शेजाऱ्याला, कुणी नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतःच ऐका. जिथे तुम्ही "म्हणजे ते आपलं..." करून थांबाल, तिथलं तुम्हाला येत नाही. तेवढ्याचंच कार्ड करा.

८. हाताला सवय लावा

हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत, कारण ते बनवणाऱ्या पोरांना हा त्रास नसतो. तीन तासांचा पेपर हाताने लिहायचा असतो. आपण गेली वीस वर्षं सह्या आणि किराणा मालाच्या याद्या सोडून काही लिहिलेलं नसतं. पाऊण पानानंतर माझा अंगठा आखडला होता. परीक्षेच्या आधी निदान दोन महिने रोज एक पान लिहा, मग दोन. दर रविवारी एक जुना प्रश्न घड्याळ लावून. शेवटच्या पंधरवड्यात एकदा तरी सलग तीन तास बसा. पेन पातळ असेल तर बोटं दुखतात, जाड पकडीचं घ्या आणि तेच पेन परीक्षेला न्या.

९. गृहपाठ

इग्नूत गृहपाठाला ३० टक्के आणि परीक्षेला ७० टक्के वजन असतं आणि दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. गृहपाठ हाताने लिहायचा. टेलिग्रामवर तयार उत्तरं विकत मिळतात. घेऊ नका. नीतीचं सोडा, पण गृहपाठ हाच तुमचा सराव. तोच दुसऱ्याकडून करून घेतलात तर परीक्षेत कोण लिहिणार?

माझी चूक सांगतो. मी चार विषयांचे गृहपाठ पंधरा दिवस खपून लिहिले आणि ते मागच्या सत्राच्या प्रश्नांवर होते. सत्र बदललं की प्रश्न बदलतात. पीडीएफच्या पहिल्या पानावर सत्र आणि शेवटची तारीख लिहिलेली असते, मी ते पान उलटून पुढे गेलो होतो. सगळे पुन्हा लिहिले. देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि दिल्यावर पोच घ्या.

१०. परीक्षा

सत्रांत परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असते. डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम, म्हणून मी होता होईल तेवढे पेपर जूनला देतो. सगळे पेपर एकदम दिलेच पाहिजेत असं नाही. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. पहिल्याच वेळी हौसेने सगळे विषय भरू नका. परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो हेही ध्यानात ठेवा. प्रवेश घेतला म्हणजे हॉल तिकीट आपोआप येईल अशी समजूत असलेले बरेच जण मी पाहिलेत.

आदल्या आठवड्यात नवीन काही वाचू नका, फक्त पहिल्या बॉक्समधली कार्डं. पेपर हातात आला की पहिली पाच मिनिटं लिहायला लागू नका. कोणते प्रश्न घ्यायचे ते ठरवून प्रत्येकाचे तीन-चार मुद्दे शेवटच्या पानावर टिपून ठेवा, वर 'कच्चं काम' लिहून. हॉल तिकीट, ओळखपत्र, चष्मा, दोन पेनं.

सकाळचा पेपर दहा ते एक आणि दुपारचा दोन ते पाच, असे दोन पेपर एकाच दिवशी येऊ शकतात. तेव्हा डबा न्या, आणि मधल्या तासात दुपारच्या विषयाचीच कार्डं काढा. मी पहिल्या वर्षी झाडाखाली बसून सकाळच्या पेपरमधली चुकलेली उत्तरं शोधत राहिलो. दोनची घंटा झाली तेव्हा भाकरी तशीच होती आणि दुपारचा पेपर उपाशीपोटी लिहिला.